वरची मासोळी

पवनीच्या मासळी बाजारात शकुनबाईचं गिऱ्हाईक कधी तुटत नाही, आणि त्याचं कारण तिच्या मासोळीत नाही. मासोळी काय, सगळ्यांचीच वैनगंगेची. कारण तिच्या उजव्या हातात आहे. बाजारात आता जागोजागी आकडे दाखवणारे काटे आले, पण शकुनबाई अजून जुना दोन पारड्यांचा ताजवा उचलून धरते. पारडी समसमान झाली, काटा मधोमध उभा राहिला, की बाकीच्या बाया मासोळी पिशवीत ओतून मोकळ्या होतात. शकुनबाईचा हात मात्र टोपल्याकडे जातो, एक बारकी मासोळी उचलतो आणि पारड्यात टाकतो. पारडं गिऱ्हाइकाकडे झुकतं. मगच ती म्हणते, "घे बाई, जाय आता."

ही रीत तिच्या सासूपासूनची. सासू सखाबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचं बोलणं घरात अजून ऐकू येतं. "काटा बराबर आला तं हिशोब झाला, काटा झुकला तं सोयरीक झाली." शकुनबाईचा नवरा आसाराम पहाटे डोंगा नदीत घालून मासोळी आणून देतो आणि कधी कुरकुर करतो, "माही अर्धी मेहनत तू वरचीवर वाटून टाकतेस." शकुनबाई म्हणते, "हाव, टाकतो. मंग?" त्यापुढे आसारामची गाडी जात नाही.

या दोघांची एकुलती पोरगी ज्योत्सना. ती लहानाची मोठी झाली ती आईच्या टोपल्याशेजारी. शाळेतून आली की बसलीच ताजवा धरून. पुढे पवनीच्याच कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि आता एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागली होती. कारध्याला, पुलाच्या अलीकडे, पाणी तपासायची एक खासगी प्रयोगशाळा नवी निघाली होती. तिथे सहायक हवा होता. गावोगावच्या विहिरींचं, नळांचं, नदीचं पाणी येणार, ते तपासायचं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी घरी यायचं. ही नोकरी हुकली तर नागपूरला मावशीकडे राहून औषधाच्या दुकानात उभं राहायचं, असं ठरलं होतं. मावशी चांगली होती हो, पण तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. ज्योत्सनाला तिथे दोन दिवसांत गुदमरायला व्हायचं.

कारध्याची परीक्षा सरळ होती. तिथले साहेब एक पदार्थ देणार, किती तीव्रतेचं द्रावण हवं ते सांगणार. किती मोल लागतील ते काढायचं, मोलर वस्तुमानानं गुणायचं, तेवढं वजन अचूक तोलून द्रावण करायचं. मग साहेब ते तपासणार.

"मोल म्हंजे काय व?" शकुनबाईनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं होतं.

"माय, शंभर झिंगे मोजले अन शंभर रोहू मोजले, तं वजन सारखं भरन का?"

"येडी झाली का? कसं भरन?"

"तसंच हाय. मोल म्हंजे मोजून ठेवलेला ढीग. कोनताबी पदार्थ घे, ढिगातले नग सारखेच. पन मिठाचा ढीग साडेअठ्ठावन ग्राम भरते, अन ऑक्झॅलिक ॲसिडचा एकशे सव्वीस. किती ढीग पायजे थे समजलं का एका ढिगाच्या वजनानं गुनायचं. निंगालं वजन."

"येवढंच?"

"येवढंच."

"मंग येवढ्यासाठी तीन वर्सं कालेजात काय करून राहिली होती?" शकुनबाई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकून स्वतःच खुदखुदून हसली.

तर असं सोपं होतं. आणि नेमकं तेच ज्योत्सनाला जमत नव्हतं! याआधी नागपूरला अशीच एक परीक्षा ती देऊन आली होती. गणित बरोबर, वजन बरोबर, आणि द्रावण मात्र कडक निघालं. तिथल्या बाईंनी कागद परत देत म्हटलं, "हिशेब येतो तुम्हाला, पण हात कच्चा आहे." ते वाक्य तिच्या काळजाला लागलं.

चंद्रकांता मॅडम कॉलेजात तिला रसायनशास्त्र शिकवायच्या. माणूस फटकळ, पण पोरींवर जीव. सुट्टीचे दिवस होते, त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली घेतली आणि रोज दुपारी ज्योत्सनाला बोलावलं. "बघू तरी, कुठे पाणी मुरतं ते."

ज्योत्सना वहीत मांडायची. पाव लिटर द्रावण, तीव्रता ०.१ मोलर, म्हणजे लागले ०.०२५ मोल. ऑक्झॅलिक ॲसिडच्या खड्यांचं मोलर वस्तुमान १२६. खड्याच्या पोटातलं पाणी विसरून नव्वद धरणारे पुष्कळ असतात, ज्योत्सना त्यातली नव्हे. ०.०२५ गुणिले १२६, बरोबर ३.१५ ग्रॅम. मग काचेच्या पेटीतला तो जुना दोन पारड्यांचा तराजू. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात काचेची बशी. चमच्यानं थोडं थोडं टाकत काटा मधोमध आणायचा. सगळं निगुतीनं. आणि तरी तपासायला बसलं की ब्युरेटच्या नळीतलं जांभळं पाणी ठरल्यापेक्षा जास्त लागायचंच. म्हणजे द्रावणात माल जास्त.

मॅडमनी बाटली बदलली. वजनं दुसऱ्या वजनांशी ताडून पाहिली. फ्लास्क स्वतःच्या हातांनी धुतला. पाणी बदललं. फरक काही हटेना. एके दिवशी त्या चिडून तराजूसमोर खुर्ची टाकूनच बसल्या.

"तोल. मी डोळे वटारून बघते."

ज्योत्सनानं तोललं. काटा मधोमध आला. तिनं बटण फिरवून काटा थांबवला, पेटीचं दार उघडलं, बशी बाहेर घेतली आणि फ्लास्ककडे वळली. वळता वळता तिच्या उजव्या हातातला चमचा बाटलीत गेला, चिमूटभर खडे उचलून आला आणि बशीत रिकामा झाला.

"थांब!" मॅडम ओरडल्या. "हे काय केलंस?"

"काय केलं?"

"आत्ता! चमच्यानं वर काय टाकलंस?"

ज्योत्सनानं बशीकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं. देवाशपथ, तिला ठाऊकच नव्हतं. मॅडम खुर्चीत मागे रेलून इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मॅडम बारा महिने मासोळी शकुनबाईकडूनच घ्यायच्या.

"अगं बाई, तुझी आई बसलीय या हातात! काटा बरोबर आला की वरची मासोळी टाकतेस तू!"

ज्योत्सनाही हसली. पण घरी जाताना ते हसू ओसरलं. नागपूरची परीक्षा तिला आठवली. रात्री जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "माय, तुह्या त्या वरच्या मासोरीनं माही नोकरी खाल्ली."

सगळी गोष्ट ऐकून आसाराम हसत सुटला. शकुनबाई नाही हसली. तिनं ताटातला हात तसाच ठेवला आणि विचारलं, "माह्या हातानं?"

"तसं नाई व..."

"तसंच हाय." शकुनबाई उठली. "उद्यापासून बंद. मी टाकन नाई, तं तुलेबी सवय सुटन. एकाच घरातले हात हायत."

आईनं सोडलं म्हणून लेकीची सवय सुटते, असं कुठे असतं का? पण शकुनबाईनं एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात नवलच झालं. काटा मधोमध आला आणि शकुनबाईनं मासोळी पिशवीत ओतली. वरचं काही नाही. आधी गिऱ्हाइकांना वाटलं, विसरली असेल. नंतर कुजबुज सुरू झाली. निर्मलाबाई म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण, जिभेला हाड नाही. ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "काय व शकुन, माह्यावर राग हाय का माह्या नवऱ्यावर?"

"कोनावरच नाई."

"मंग वरची मासोरी कुठी गेली?"

"पोरीची परीक्षा हाय," शकुनबाई म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. निर्मलाबाईला मासोळीचा आणि परीक्षेचा संबंध काही उमगला नाही. तिला वाटलं, नवस असेल. तिनं बाजारभर तसं सांगूनही टाकलं.

इकडे प्रयोगशाळेत ज्योत्सनाचं वेगळंच होऊन बसलं. काटा थांबवला की ती उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवायची. मग हात थरथरायचा, बशीतले खडे टेबलावर सांडायचे आणि द्रावण आता पातळ निघायला लागलं. मॅडमनी कपाळावर हात मारला. "आधी देऊन टाकत होतीस, आता रोखून सांडतेस! करायचं काय तुझं?"

परीक्षा तोंडावर आली. एका सकाळी ज्योत्सना वैतागून बाजारात आली आणि आईच्या मागे, भिंतीला टेकून बसली. शकुनबाईला ती आलेली दिसली नव्हती. ज्योत्सना बघत होती. आईनं ताजवा उचलला, काटा बरोबर आला, मासोळी पिशवीत गेली. गिऱ्हाईक हलेपर्यंत आई उजवा हात मांडीखाली दाबून बसली होती. रडणाऱ्या पोराला उगी करायला दाबून धरावं, तशी. ते बघून ज्योत्सना भिंतीपासून पुढे सरकली. ज्या हातानं सगळ्या पवनीला झुकतं माप दिलं, तो हात आपल्यापायी मांडीखाली गेला!

ती उठून बोलणारच होती, तेवढ्यात गिऱ्हाईक वळलं. शकुनबाईनं हळूच हात सोडवला, टोपल्यातून एक बारकी मासोळी उचलली आणि टोपलं ठेवलेल्या लाकडी पाटीखाली टाकली. पाटीखाली बाजारातली भुरी मांजर बसलेली. तिनं मासोळी अल्लाद तोंडात धरली. पुढचं गिऱ्हाईक आलं, गेलं, पुन्हा तसंच. मांजर चांगली गरगरीत झाली होती. तिला आता पाटीखालून बाहेर यायचीही गरज वाटत नसावी.

"माय!" ज्योत्सना ओरडली.

शकुनबाई दचकली. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं तिचं. "मी गिऱ्हाइकाले कुठी देल्ली? थे तं मांजरीचं हाय."

"अव पन टाकून तं राहिली ना!"

"मंग काय करू? हात आयकत नाई. रोखला का जीव घाबरा होते. गिऱ्हाइकाचं माप मोजून बराबर देतो, अन हाताचं हाताले देतो. दोघंबी खूश." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तुले नडते का व हेबी? नडत असन तं मांजरीलेबी बंद करतो."

ज्योत्सना मांजरीकडे बघत होती. मग तिनं भर बाजारात, मासोळीच्या वासासकट, आईच्या गळ्यात हात टाकले. "बंद नको करू. मांजरीले दे. लई दे!" असं म्हणून ती कॉलेजच्या दिशेनं पळत सुटली. शकुनबाईनं निर्मलाबाईकडे पाहिलं. निर्मलाबाई म्हणाली, "अभ्यासानं डोस्कं फिरते पोरायचं."

परीक्षेच्या दिवशी आसाराम नदीवर गेला नाही. तो पोरीबरोबर कारध्यापर्यंत आला आणि प्रयोगशाळेच्या बाहेर कडुनिंबाखाली बसला. आत खिडकीतून वैनगंगेचं पात्र दिसत होतं. साहेब उतारवयाचे, कमी बोलणारे. त्यांनी ज्योत्सनासमोर सोड्याची पांढरी पूड ठेवली. "निर्जल सोडियम कार्बोनेट. अर्धा लिटर द्रावण, ०.१ मोलर."

तिनं लिहिलं. अर्ध्या लिटरला ०.०५ मोल. मोलर वस्तुमान १०६. गुणाकार ५.३ ग्रॅम. इथे काटा आकडे दाखवणारा होता. तिनं काट्यावर बशी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि बशीशेजारी, टेबलावर, एक छोटा कोरा कागद मांडला. साहेबांनी भुवई उचलली.

थोडी थोडी पूड पडत गेली. आकडा ५.३००वर येऊन थांबला. तिनं बशी उचलली. उजवा हात निघाला, आपल्या वाटेनं. तिनं त्याला अडवलं नाही. चमचा डबीत गेला, चिमूटभर पूड उचलून आला, बशीवरून पुढे गेला आणि त्या कागदावर रिकामा झाला. हात शांत झाला. तिनं बशीतली पूड एक कणही न सांडता फ्लास्कमध्ये धुऊन उतरवली, विरघळवली, खुणेपर्यंत पाणी भरलं, बूच लावून उलटसुलट हलवलं.

साहेब कागदाजवळ वाकले होते. "हे काय आहे?"

"मांजरीचं, सर."

बोलून गेली आणि तिची कानशिलं तापली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाचं?"

मग सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तिनं सांगितलं. आईचा ताजवा, वरची मासोळी, नागपूरची परीक्षा, मांडीखालचा हात, पाटीखालची मांजर. "हात थांबवला तर थरथरतो, सर. म्हणून द्रावणाचं द्रावणाला दिलं आणि हाताचं इथे."

"जास्त झालेलं परत डबीत का नाही टाकलं?"

"दिलेलं परत घेत नाहीत, सर."

"हं. प्रयोगशाळेतही तोच नियम आहे. बाटलीतून काढलेलं बाटलीत परत जात नाही." साहेबांनी फ्लास्क उचलला. "बघू तुमचं माप."

त्यांनी ब्युरेटमध्ये ॲसिड भरलं. थेंब थेंब पडू लागले. सूचक टाकून पिवळ्या झालेल्या द्रावणाचा रंग पालटला तेव्हा साहेब ब्युरेटवर वाकले आणि आकडा वाचला. पुन्हा एकदा केलं, पुन्हा तेच. ठरलं होतं तेवढंच ॲसिड लागलं. ज्योत्सनानं टेबलाची कड धरून ठेवली होती.

"सोमवारपासून या," साहेब म्हणाले. मग त्या कागदाकडे बोट दाखवत, हसू दाबत, म्हणाले, "कागद रोज लागेल वाटतं?"

"हो सर. रोज."

आसारामनं कडुनिंबाखालूनच शकुनबाईला फोन लावला. पण ज्योत्सनानं तो हातातून काढून घेतला, "नाई बाबा, मी सांगतो घरी जाऊन." ती पवनीला उतरली तेव्हा बाजार उठायला आला होता. शकुनबाई शेवटचं गिऱ्हाईक करत होती, आणि ते गिऱ्हाईक होतं निर्मलाबाई. ताजवा वर होता. काटा मधोमध होता. पोरीला समोर बघून शकुनबाईचा हात टोपल्यावरच थांबला.

ज्योत्सना आईसमोर उकिडवी बसली. टोपल्यातून एक मासोळी उचलली, बारकी नाही, चांगली हातभर, आणि निर्मलाबाईच्या पारड्यात टाकली. पारडं धपकन खाली गेलं.

"लागली?" शकुनबाईनं विचारलं.

"लागली, माय."

शकुनबाईनं ताजवा खाली ठेवला आणि पोरीचा उजवा हात आपल्या खवल्यांनी भरलेल्या दोन्ही हातांत घेतला. "मले वाटलं, माहा हात तुले नडला," ती म्हणाली आणि मग रडायला लागली. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"नडला नाई व. तोच तं कामी आला. त्यानंच सांगतलं, देयाचं कुठी अन मोजायचं कुठी." ज्योत्सनाही रडत होती आणि हसतही होती. "आता तू लोकायले वरचं देत जाय. मी तिथं कागदाले देत जाईन."

निर्मलाबाईनं पिशवी आवळून धरली. कोणी परत मागेल म्हणून असेल. "नवस फिटला म्हना तुमचा," ती म्हणाली. "मंग मागच्या दिवसायचं माहं जे राहिलं, थे?"

शकुनबाईनं पदरानं डोळे पुसले, टोपलं उचललं आणि उरलंसुरलं सगळं तिच्या पिशवीत ओतून दिलं. पाटीखालून भुरी मांजर बाहेर आली, रिकाम्या टोपल्यात डोकावली आणि शकुनबाईकडे बघत तिथेच बसून राहिली.